घरातला घातक कचरा: बाहेर टाकण्याआधी काय करावे

तीन वर्षांपूर्वी श्रावणात, पुण्यातल्या आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींच्या अंगठ्यात सुई घुसली. ओल्या कचऱ्याच्या बादलीत, मेथीच्या देठांखाली, टिश्यू पेपरात गुंडाळलेली ती इन्सुलिन पेनची सुई होती. टाचणीच्या निम्म्याहूनही लहान, त्यामुळे वरून दिसण्याची शक्यताच नव्हती. मावशींनी रक्ताचा थेंब पदराला पुसला आणि पुढची बादली ओढली. मी तेव्हा सोसायटीची सचिव होते. त्यांना जवळजवळ ओढतच मी सरकारी रुग्णालयात नेले. सुई कोणी वापरली हे ठाऊक नसल्यामुळे डॉक्टरांनी धोका आहे असे धरूनच उपचार सुरू केले: एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, २८ दिवसांच्या गोळ्या आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासण्या. निकाल चांगले आले, पण गोळ्यांच्या मळमळीने त्यांचे कितीतरी दिवसांचे काम बुडाले, आणि घरी त्यांनी नेमके काय सांगितले हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

नंतर मी चौकशी केली. आमच्या इमारतींत इन्सुलिन घेणारी माणसे अकरा घरांत होती आणि त्यांपैकी नऊ घरांतून सुया अशाच ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात जात होत्या. कोणीही निष्काळजी नव्हते. सुई टिश्यूत गुंडाळली म्हणजे काळजी घेतली, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत होती. तेव्हापासून प्रत्येक वस्तूच्या बाबतीत मी एकच प्रश्न विचारते: ही यापुढे कोणाच्या हातात जाणार आहे, आणि तिथे पोहोचल्यावर ती काय करील? पुढे सांगितलेल्या सगळ्या कृती त्या प्रश्नाच्या उत्तरातून आलेल्या आहेत.

घातक कचरा कशाला म्हणायचे

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ‘घरगुती घातक कचरा’ असा स्वतंत्र वर्ग मानला आणि त्यात रंगाचे व कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज यांचा नावानिशी उल्लेख केला. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार कचऱ्याचे ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग करायचे आहेत, आणि वरच्या वस्तू या चौथ्या भागात मोडतात. यादी पाठ करण्याची गरज नाही. जी वस्तू टोचते, भाजते, पेट घेते, फुटते किंवा पोटात अथवा श्वासातून गेल्यास विष ठरते, ती या वर्गातली, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. लेबलावर ज्वाळेचे चित्र, कवटी किंवा रंगीत त्रिकोण असेल तर शंकेला जागाच राहत नाही.

यासाठी घरात एक वेगळा, घट्ट झाकणाचा डबा ठेवावा. रंगाची किंवा डिटर्जंटची रिकामी बादली उत्तम. ती मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर, पण गॅसच्या शेगडीपासून, देवघरातल्या समईपासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवावी. कोरड्या बाल्कनीतला वरचा कप्पा बहुतेक घरांत सोयीचा पडतो. या बादलीत वस्तू सुट्या टाकायच्या नाहीत. प्रत्येक प्रकार आपापल्या मूळ वेष्टनात किंवा छोट्या बरणीत ठेवून मगच आत ठेवावा, कारण सुटी बॅटरी आणि गळका थिनर एकाच बादलीत असणे हे त्या दोन्ही वस्तू वेगवेगळ्या असण्यापेक्षा फार वाईट. असा कचरा एकदम बाहेर पडतो तो दिवाळीच्या साफसफाईत. माळ्यावरून गेल्या दहा वर्षांचे डबे खाली येतात आणि घंटागाडी यायच्या आत सगळे मोकळे करण्याची घाई असते. म्हणून माळा दिवाळीच्या आठवडाभर आधी काढावा, म्हणजे प्रत्येक वस्तूचा ठिकाणा लावायला वेळ मिळतो.

सुया, ब्लेड आणि काच

इन्सुलिनच्या सुया, सिरिंज, रक्तातील साखर तपासण्याच्या लॅन्सेट आणि दाढीची ब्लेड यांसाठी जाड प्लास्टिकची, अरुंद तोंडाची आणि आटे असलेल्या झाकणाची बाटली ठेवावी. फिनाइलची किंवा कपड्यांच्या कंडिशनरची बाटली चांगली; पाण्याची पातळ बाटली चालत नाही, कारण ती दाबली की सुई आरपार येते. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवण्याच्या प्रयत्नात बोट टोचण्याची शक्यता सर्वाधिक असते, म्हणून एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात टोपण धरून ती बंद करू नये. सिरिंज वापरल्याबरोबर सुईसकट सरळ बाटलीत टाकावी. इन्सुलिन पेनची सुई मात्र पेनावरून काढावीच लागते. तिचे बाहेरचे मोठे टोपण टेबलावर उभे ठेवून, टोपणाला हात न लावता पेन वरून त्यात बसवावे आणि मग टोपणासकट सुई फिरवून काढावी. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत आणि बाहेर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे.

ही बाटली आपण जिथे उपचार घेतो त्या दवाखान्यात, रुग्णालयात किंवा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये घ्याल का, असे आधी विचारावे. त्यांच्याकडचा जैववैद्यकीय कचरा अधिकृत केंद्राकडे स्वतंत्रपणे जात असतो. सगळे हो म्हणतील असे नाही, पण नियमित रुग्णाला नाही म्हणणारे डॉक्टर मला थोडे भेटले.

फुटलेला ग्लास किंवा आरसा रासायनिकदृष्ट्या घातक नाही, पण हात कापतोच. जाड वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत बांधून, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, वर ‘काच’ लिहून तो सुक्या कचऱ्यात वेगळा द्यावा.

पारा: इथे घाई करू नये

पाऱ्याविषयी सविस्तर लिहिते, कारण घरात पारा सांडला की जवळजवळ प्रत्येक जण आधी चुकीचीच गोष्ट करतो, म्हणजे केरसुणी आणतो. माझ्या आईनेही तेच केले होते. ताप बघताना थर्मामीटर तिच्या हातून निसटला, शहाबादी फरशीवर चांदीच्या मण्यांसारखे थेंब पसरले आणि केरसुणीच्या पहिल्याच फटक्यात त्या पाच-सहा थेंबांचे शेकडो बारीक थेंब होऊन फरशीच्या सांध्यांत शिरले. पारा साध्या खोलीच्या तापमानालाही हवेत उडत राहतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत राहते आणि रांगणारे मूल नेमके तिथेच श्वास घेत असते.

थर्मामीटर फुटल्यास सर्वांत आधी मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि घरातल्या मांजर-कुत्र्याला दुसऱ्या खोलीत न्यावे. पंखा आणि एसी बंद करावा, बाहेरच्या बाजूची खिडकी उघडावी आणि त्या खोलीचे घरातले दार लावून घ्यावे. मग हातातल्या अंगठ्या, सोन्याच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. पारा सोन्याला लागला की त्याच्याशी मिसळतो आणि दागिना पांढरा पडतो. हातात रबरी मोजे घालून काचेचे तुकडे आधी उचलावेत. त्यानंतर जाड पुठ्ठ्याचे किंवा जुन्या लग्नपत्रिकेचे दोन तुकडे घेऊन थेंब हळूहळू एकमेकांकडे ढकलावेत. पाऱ्याचे थेंब जवळ आले की आपोआप एक होतात. मोठा थेंब झाल्यावर तो ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने ओढून झाकणाच्या छोट्या बरणीत सोडावा. खोली अंधारी करून टॉर्चचा झोत फरशीला जवळजवळ टेकवून आडवा फिरवला तर राहिलेले बारीक थेंब चमकतात; ते चिकटपट्टीने टिपून घ्यावेत आणि पट्टीही बरणीतच टाकावी. शेवटी ओल्या कागदाने जागा पुसून तो कागदही त्याच बरणीत बंद करावा. बरणीवर ‘पारा’ लिहावे आणि खोलीत पुढचा दिवसभर तरी हवा खेळती ठेवावी.

व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण तो पाऱ्याची वाफ करून घरभर पसरवतो. पारा मोरीत किंवा शौचालयात सोडू नये, तो पाइपच्या वळणात बसून राहतो. ज्या कपड्यावर किंवा गादीवर पारा सांडला तो कपडा वॉशिंग मशीनमध्ये घालू नये, तो टाकून देणेच इष्ट.

सीएफएल दिव्यात आणि ट्यूबलाइटमध्येही पारा असतो, पण फार थोडा. एका सीएफएलमध्ये तो सहसा पाच मिलिग्रॅमपेक्षा कमी असतो, तर काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे शंभराहून अधिक दिव्यांइतका. त्यामुळे दिवा फुटल्यावर घाबरण्याचे कारण नाही, पण कृती साधारण तीच करावी: माणसे खोलीबाहेर, पंखा बंद, खिडकी उघडी, दहा-पंधरा मिनिटे थांबणे आणि नंतर पुठ्ठ्याने व चिकटपट्टीने सारे गोळा करणे. न फुटलेली जुनी ट्यूब नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या खोळीत सरकवून ठेवावी. नवी आणताना ती खोळ फेकू नये, एवढ्यानेच निम्मे काम होते. अशी ट्यूब भंगारवाल्याला देऊ नये, कारण टोकाच्या ॲल्युमिनियमच्या टोप्यांसाठी ती उघड्यावर फोडली जाण्याची शक्यता असते. एलईडी दिव्यात पारा नसतो, तरी त्यात सर्किट असल्याने तो ई-कचऱ्यात द्यावा.

कोणा निवृत्त डॉक्टरांच्या घरी पाऱ्याचे रक्तदाब मोजण्याचे जुने यंत्र असेल, तर त्याला घरी हात लावू नये. त्यात थर्मामीटरच्या कितीतरी पट पारा असतो. ते उभे, न हलवता पिशवीत बांधून, रुग्णालयाशी आधी बोलून तिकडे पोहोचवावे. पाऱ्यावरच्या जागतिक कराराला मिनामाता या जपानी शहराचे नाव आहे, कारण तिथल्या खाडीत सोडलेला पारा माशांमधून माणसांच्या शरीरात गेला आणि हजारो लोकांच्या मज्जासंस्थेची कायमची हानी झाली. भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केला. घरात पाऱ्याचा थर्मामीटर असेल तर तो फुटण्याची वाट न पाहता डिजिटल घ्यावा आणि जुना सुस्थितीत असतानाच त्याच्या नळीसकट जमा करावा.

बॅटऱ्या आणि ई-कचरा

मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, ई-सायकल आणि मुलांची चार्ज होणारी खेळणी यांत लिथियम बॅटरी असते. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली, चेपली किंवा तिची दोन टोके धातूने जोडली गेली, तर ती आतून तापून पेट घेऊ शकते, आणि सभोवती सुका कागद व प्लास्टिक असल्यावर ती आग गाडीपुरती राहत नाही. म्हणून सुट्या लिथियम बॅटरीच्या टोकांवर साधी चिकटपट्टी लावावी आणि ती सुक्या कचऱ्यात कधीही टाकू नये. बॅटरी फुगली असेल, म्हणजे मोबाइलची मागची बाजू वर आली असेल, तर चार्जिंग तत्काळ थांबवावे. फुगीर भाग दाबू नये, टोचू नये, चपटा करण्याचा प्रयत्न करू नये. ती एखाद्या जुन्या मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून लवकरात लवकर कंपनीच्या सेवा केंद्रात न्यावी.

घड्याळात, रिमोटमध्ये, वजनकाट्यात आणि गाणाऱ्या शुभेच्छापत्रातही येणारी नाण्यासारखी बटण-बॅटरी लहान मुलांच्या दृष्टीने या संपूर्ण लेखातली सर्वांत भयंकर वस्तू आहे. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजते, आणि संपलेली वाटणारी बॅटरीही हे करू शकते. अशी शंका जरी आली तरी ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता १०८ वर फोन करावा किंवा मुलाला थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. बदललेली बटण-बॅटरी टेबलावर ठेवून ‘नंतर टाकू’ म्हणू नये. त्याच क्षणी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ती बरणीत टाकावी.

इन्व्हर्टरची आणि गाडीची बॅटरी शिसे आणि सल्फ्युरिक आम्लाची असते. नवी घेताना जुनी विक्रेत्यालाच परत करावी. तिची किंमत नव्या बॅटरीतून वजा होते. दारावर येणारा फेरीवाला चार पैसे जास्त देत असेल तरी देऊ नये, कारण अनधिकृत ठिकाणी आम्ल गटारात ओतले जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते. त्या भट्टीच्या आसपास राहणाऱ्या मुलांच्या रक्तात ते शिसे जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. बॅटरीचे आम्ल घरात सांडल्यास त्यावर खाण्याचा सोडा भुरभुरावा, फेस थांबेपर्यंत थांबावे आणि मग रबरी मोजे घालून पुसावे.

जुने मोबाइल, चार्जर, मिक्सर, टीव्ही आणि वायरी यांच्यासाठी ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि बॅटऱ्यांसाठीही २०२२ मध्ये स्वतंत्र नियम झाले. दोन्हींनी जबाबदारी प्रामुख्याने उत्पादकावर टाकली आहे, म्हणून ‘जुना माल परत घेता का’ हे विक्रेत्याला विचारणे हा आपला हक्क आहे, उपकार मागणे नव्हे. मोबाइल देण्याआधी त्यातली माहिती पुसावी आणि सिमकार्ड काढून घ्यावे.

मुदत संपलेली औषधे

औषधे शौचालयात ओतून पाणी सोडणे ही सर्वांत पसरलेली सवय आणि बहुतेक औषधांच्या बाबतीत ती चूक आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे औषधांचे सर्व अंश काढून टाकण्यासाठी बांधलेली नसतात, त्यामुळे प्रतिजैविके नदीत पोहोचतात आणि तिथल्या जिवाणूंना त्यांची सवय होऊ लागते. गोळ्यांच्या अखंड पट्ट्या कचऱ्यात टाकणे हेही धोक्याचे आहे. त्या कोणी तरी उचलतो, विकतो किंवा चांगल्या समजून घेतो.

प्रथम जवळच्या औषध दुकानात किंवा रुग्णालयात औषधे परत घेण्याची पेटी आहे का, हे विचारावे. नसल्यास पट्टीतून गोळ्या बाहेर काढाव्यात, त्या चहाच्या ओल्या चोथ्यात किंवा मातीत मिसळून बंद पिशवीत घालाव्यात आणि ती पिशवी घातक कचऱ्याच्या डब्यात ठेवावी. सिरपही असेच चोथ्यात किंवा मातीत जिरवावे. बाटलीवरचे रुग्णाचे नाव पेनाने खोडावे. रिकाम्या पट्ट्या मध्ये कापून सुक्या कचऱ्यात देता येतात. दम्याचा इनहेलर दाबाखाली भरलेला असतो, तो टोचू नये आणि जाळू नये.

एक अपवाद मात्र ठाऊक असायला हवा. कर्करोगासारख्या आजारात तीव्र वेदनांवर दिल्या जाणाऱ्या फेंटानिलच्या त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या, मॉर्फिन आणि अशी आणखी काही तीव्र औषधे चुकून एखाद्या मुलाच्या हाती लागली तर एका मात्रेतही जीव जाऊ शकतो. म्हणून केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात अशा १७ औषधांची यादी आहे, जी परत देण्याची सोय नसल्यास शौचालयात सोडून देण्यास सांगितले आहे. रुग्ण दगावल्यानंतर अशी औषधे घरात उरतात आणि त्या दिवसांत कोणाचेच त्यांच्याकडे लक्ष नसते. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांची मुले घरभर फिरत असताना ती उशाजवळच्या टेबलावर असतात. कुटुंबातल्या एका व्यक्तीने ही जबाबदारी पहिल्या दोन दिवसांतच घ्यावी.

रंग, थिनर आणि संडास-मोरीची रसायने

रंग, पॉलिश आणि थिनर यांची विल्हेवाट लावण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ते वापरून संपवणे. उरलेला अर्धा डबा शेजाऱ्यांना, सुताराला किंवा रंगाऱ्याला द्यावा. पाण्यात कालवायचा रंग थोडासा उरला असेल तर त्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळून, झाकण उघडे ठेवून तो हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यावा. वाळल्यावर तो गळत नाही. तेलाचा रंग, टर्पेंटाइन आणि थिनर मात्र मोरीत किंवा गटारात ओतू नयेत, त्यांच्या वाफा पेट घेतात. ते मूळ डब्यात घट्ट बंद करून जमा करावेत. लाकडाला जवसाचे तेल किंवा पॉलिश लावून झालेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात भिजवून पत्र्याच्या डब्यात बंद करावी.

संडास आणि फरशी साफ करण्याच्या रसायनांचा धोका टाकण्यापेक्षा मिसळण्यात आहे. जुनी बाटली संपवायची म्हणून लोक टॉयलेट क्लीनरवर ब्लीच ओततात. पहिल्यात आम्ल असते, दुसऱ्यात क्लोरीनचे संयुग, आणि दोन्ही एकत्र आल्यावर क्लोरीन वायू सुटतो, जो बंद बाथरूममध्ये फुप्फुसांना इजा करतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला काच-क्लीनर एकत्र आल्यावरही विषारी वायू सुटतो. म्हणून दोन अर्धवट बाटल्या कधीही एकात ओतू नयेत. डोळे चुरचुरले किंवा ठसका लागला तर काही साफ करत न बसता बाहेर पडावे.

आणखी एक सवय तर तातडीने मोडायला हवी: किराणा दुकानातून सुटे आणलेले ॲसिड, फिनाइल किंवा रॉकेल शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवणे. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, वास ओळखेपर्यंत घोट गेलेला असतो.

डास मारण्याचे आणि सुगंधी फवारे फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत वापरून संपवावेत. त्यांना भोक पाडू नये आणि होळीत तर कदापि टाकू नयेत. दिवाळीत न फुटलेला फटाका परत पेटवू नये. तो बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घातक कचऱ्यात द्यावा.

उंदराचे औषध, धान्यातल्या गोळ्या आणि फवारणीचे डबे

उंदीर मारण्याची काळी भुकटी बहुधा झिंक फॉस्फाइड असते आणि धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. दोन्हींना ओल लागली की फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. म्हणून हे विष धुऊन टाकणे, ओल्या कचऱ्यात घालणे किंवा ‘निष्क्रिय व्हावे’ म्हणून पाण्यात बुडवणे यांपैकी काहीही करू नये. धान्यातल्या या गोळ्या घरात असूच नयेत. ढेकणांसाठी त्या झोपायच्या खोलीत ठेवणे म्हणजे स्वतःच्या कुटुंबाला विषारी वायू देणे आहे. चुकून सापडल्याच तर डबा उघडू नये, राहत्या घराबाहेर कोरड्या आणि कुलूपबंद जागी ठेवावा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात कळवावे.

गावाकडच्या घरात फवारणीचे डबे हा मोठाच विषय आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर तरी हे विष अंगणात आणि स्वयंपाकघरात येता कामा नये. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. डबा संपला की त्यात पाव डबा पाणी घालून, झाकण लावून खळखळावा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. हे काम शेतातच, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, रबरी मोजे घालून करावे. त्यानंतर डब्याला खालून खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे तो पाण्याला, दुधाला किंवा रॉकेलला पुन्हा वापरला जाणार नाही. डबे बांधावर जाळू नयेत. कृषी सेवा केंद्रात परत घेण्याची सोय आहे का, हे विचारावे.

कुठे द्यायचे

२०१६ च्या नियमांनी नगरपालिका व महापालिकांना दर २० चौरस किलोमीटरमागे किमान एक घरगुती घातक कचरा संकलन केंद्र उभारून त्याच्या वेळा जाहीर करण्यास सांगितले होते. आपल्या भागातले केंद्र कुठे आहे हे पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात किंवा आरोग्य कोठीवर, मुंबईत विभाग कार्यालयात विचारता येते. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी नोंदणी करून घेऊन स्वतंत्र संकलन सुरू केले आहे. केंद्र सापडत नसल्यास सोसायटीने लेखी अर्ज द्यावा. एका घराचा फोन विसरला जातो, तीस सह्यांचा अर्ज फाइलमध्ये राहतो. आमच्या सोसायटीत सुया, बॅटऱ्या आणि ट्यूब यांसाठी वाहनतळाच्या भिंतीलगत तीन कुलूपबंद पेट्या आहेत. पेट्या भरल्या की बॅटऱ्या आणि ट्यूब अधिकृत ई-कचरा संकलकाकडे, तर सुयांच्या बाटल्या जवळच्या रुग्णालयात जातात.

ग्रामपंचायत क्षेत्रात अशी सोय अजून विरळ आहे. तिथे घातक वस्तू घरातच कोरड्या, बंद डब्यात साठवून तालुक्याला जाताना पोहोचवणे हाच व्यवहार्य मार्ग. परसात खड्डा खणून पुरू नये, कारण बोअरवेल त्याच जमिनीतून पाणी घेते. आणि जाळू तर नयेच: उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये दंड करावा, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात बांधून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने रुजवली, म्हणजे पुडके उघडून पाहण्याची वेळच येत नाही. तोच धडा आम्ही सुयांना लावला. बाटलीवर ‘सुया’ असे लिहिले होते खरे, पण पहिल्याच महिन्यात मावशींनी सांगितले की त्यांच्या जोडीला येणाऱ्या ताईंना वाचता येत नाही. आता प्रत्येक बाटलीवर जाड लाल पेनाने सुईचे चित्र काढलेले असते, आणि ती देणारा माणूस आत काय आहे ते तोंडीही सांगतो.